जिची चिठ्ठी, तिचा चहा

नव्या घरात मी पहिला गोंधळ घातला तो हॉलच्या पडद्यांवर.

ठाण्यात माजिवड्याला राहायला येऊन आम्हाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. एकोणिसावा मजला. खालून जाणाऱ्या बसचा नुसता टप दिसतो, नंबर दिसत नाही, म्हणजे खिडकीत उभं राहून उपयोग काहीच नाही. मुलगा कामावर गेला, सून पडदे टांगून तिच्या कामावर गेली, आणि मी एकटी पडदे बघत बसले. हातमागाचे होते, रंग आमसुलासारखा, कापड चांगलं जाड. पण खाली वीतभर सुटे दोरे नुसते लोंबत होते. दशा म्हणतो आम्ही त्यांना. मला वाटलं, शिवणाऱ्याने पोरीला फसवलं, काठ दुमडायचाच राहिला. मशीन अजून खोक्यातच होतं, म्हणून मी खाली बसून हातानेच कामाला लागले. दशा कापल्या, काठ दुमडला, बारीक टाका घातला. दोन्ही पडदे. कंबर मोडून आली माझी.

संध्याकाळी सून आली ती दारातच थांबली, एक चप्पल पायात, एक हातात.

"आई, पडद्यांना काय झालं?"

"झालं काही नाही, मी केलं. अगं, काठ तसाच उघडा सोडला होता मेल्याने."

ती मटकन सोफ्यावर बसली. "आई, ती डिझाइन होती."

मी कचऱ्याच्या डब्यातून त्या दशा काढल्या, धुतल्या आणि तिला आणून दिल्या. आता त्यांचं ती काय करणार होती, आणि मी तरी काय म्हणून आणून दिल्या, मला अजून कळलेलं नाही. पण तिने त्या घेतल्या. टाकल्या नाहीत. माझी सून वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे वाचताना कुणाला तसं वाटायला नको. फक्त आमचं बोलणं कामापुरतं. दूध आलं का, गोळी घेतली का, झोपा आता. सहा वर्षांत तिने मला कधी उलट उत्तर दिलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, सुलट प्रश्नही विचारला नाही.

घर सजवायचं तिने मनावर घेतलं होतं. बाजारातलं एकसारखं काही नको, म्हणायची. प्रत्येक वस्तू कुणीतरी हाताने केलेली. दिव्याची टोपी कुणीतरी कागदाच्या लगद्याची केलेली, उशांचे अभ्रे कुणीतरी ठसे मारून छापलेले, भिंतीवर मातीची एक थाळी, जिच्यात काही ठेवायचं नाही. हे मला सांगावं लागलं, कारण मी तिच्यात किल्ल्या ठेवायला गेले आणि त्या सरळ खाली पडल्या. आणि प्रत्येक वस्तूजवळ एक छोटंसं कार्ड. त्यावर करणाऱ्याचं नाव आणि एखादी ओळ.

"हे सगळे इंडिपेंडंट डिझायनर आहेत, आई."

"म्हणजे कुठे नोकरीला नाहीत?"

"स्वतःचं काम करतात. स्वतःच्या नावाने."

"पण नाव कशाला चिकटवायचं? आपल्याला माहितीये ना."

"येणाऱ्याला नको कळायला? एवढं हाताने केलंय कुणीतरी. त्या माणसाचं नाव नको?"

आयुष्यभर मी हाताने एवढं केलं, पण नाव लिहिलं ते फक्त स्टीलच्या भांड्यांवर, आणि तेही ह्यांचं.

मग आली माझी ट्रंक. ती डोंबिवलीच्या घरातून तशीच उचलून आणली होती, कुलूप न काढता. घरभरणीच्या आधी माळे लावायचे म्हणून एका रविवारी सुनेने ती उघडायला लावली. वर जुन्या चादरी, डांबरगोळ्यांचा वास, आणि सगळ्यात खाली जुन्या साडीत बांधलेला क्रोशाचा पडदा. राणी कलरची आणि मोरपंखी फुलं, प्रत्येक फूल पांढऱ्या चौकोनात, आडवी पाच, उभी सोळा. कल्याणजवळ मोहन्याला, ह्यांच्या रेयॉन कारखान्याच्या क्वार्टरमध्ये बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर ह्यांच्या मध्ये तो असायचा. डोंबिवलीला आल्यावर दार रुंद निघालं आणि पडदा ट्रंकेत गेला.

सुनेने तो हातावर घेतला आणि उजेडात धरला. रेयॉनचा धागा तो, रेशमासारखा चमकतो. इतकी वर्षं अंधारात राहूनही काल केल्यासारखा.

"आई," ती म्हणाली, "हे कुणी केलं?"

आता इथे मी जपून लिहिते, कारण सगळा घोळ ह्या एका उत्तराने झाला. मी म्हटलं, "मी. अजून कोण करणार?"

खोटं बोलले का? त्या क्षणी तरी मला तसं वाटलं नाही. माझ्या बोटांना तो धागा आठवत होता. फार निसरडा, सुईवरून सटकायचा, बोटाला पीळ देऊन धरावा लागायचा. गुलाबी रंगाच्या पुड्या पातेल्यात उकळून तो आम्ही रंगवायचो आणि आठवडाभर पोळ्या लाटताना नखं राणी कलरची दिसायची. हे सगळं मला आठवत होतं. मग पडदा दुसऱ्या कुणी केलेला असेल कसा?

सून जमिनीवर मांडी घालून बसली, माझ्या शेजारी. ती अशी कधी बसत नाही. किती दिवस लागले, सुई कोणती, धागा कुठला, रंग कोणी निवडले, सारखं विचारत राहिली. मी सांगत राहिले. कारखान्यात कोनांवर, म्हणजे रिळांवर, उरलेला धागा बाहेर रद्दीवाल्याकडे वजनावर मिळायचा, दोनचा भोंगा झाला की आम्ही विणायला बसायचो. मी "आम्ही" म्हटलं होतं, हे मला पक्कं आठवतं. तिच्या कानावर ते पडलं नसावं, आणि मी पुन्हा म्हटलं नाही.

चार दिवसांनी नौपाड्याहून तिची ओळखीची डिझायनर मुलगी आली. केस अगदी कानापर्यंत कापलेले, खांद्यावर तिनेच शिवलेली पिशवी. तिने पडदा जाड खादीवर टाचला, वर लाकडी दांडी घातली आणि हॉलच्या मुख्य भिंतीवर लावला. मग मागे सरकून बघत राहिली.

"आजी, एक विचारू? ही काही फुलं उलटी फिरतायत."

"उलटी?"

"हे बघा ना. ह्या फुलाच्या पाकळ्या ह्या बाजूला कलल्यात. आणि ह्या, ह्या, आणि ह्या दुसऱ्या बाजूला. हे मुद्दाम केलंत?"

मी चष्मा वर केला, खाली केला. खरंच, काही फुलं उलटी फिरत होती. इतकी वर्षं त्या पडद्याखालून मी ताटं घेऊन आत-बाहेर केलं, मला कधी दिसलं नव्हतं. सून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "हो. मुद्दाम."

"ग्रेट!" ती मुलगी म्हणाली आणि तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

दोन दिवसांत कार्ड छापून आलं. वर माझं नाव, आडनावासकट. खाली लिहिलं होतं, 'उलट फिरणारी फुलं हा प्रवाहाविरुद्ध उमटलेला एक स्त्री-स्वर आहे.' मी ते तीनदा वाचलं. वाईट नव्हतं, पण माझ्याबद्दल आहे असं काही वाटेना. सुनेने फोटो काढून ऑफिसात सगळ्यांना दाखवला. तिच्या आईला फोन करून सांगताना मी ऐकलं, "अगं, आमच्या आईंनी केलाय. हाताने. हो, ऐंशीच्या ऐंशी फुलं." 'आमच्या आई' म्हणाली ती. एरवी 'ह्याची आई' असते मी. त्या दिवशी मी दोन वेळा जेवले, खरं सांगते.

पण दुपारी घरात कुणी नसलं की तो पडदा आणि मी समोरासमोर. एक दिवस मी सहज ती उलटी फुलं मोजली. वीस भरली. पुन्हा मोजली, पुन्हा वीस. आणि तेव्हा मला ती आठवली. आमच्या शेजारची, डावखुरी, म्हणून सगळी क्वार्टर तिला डावरीच म्हणायची. ती डाव्या हाताने विणायची. तिचं फूल उलटंच फिरणार, दुसरं काय होणार?

तर आता भिशीचं सांगायला हवं. आम्ही पाच बायकांनी पडद्यांची भिशी लावली होती. पैशांची नव्हे, कामाची. पाच नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घालून हलवायच्या. जिची चिठ्ठी निघेल तिचा पडदा त्या महिन्यात सगळ्यांनी मिळून विणायचा. पुढच्या महिन्यात दुसरीचा. एकटीला ऐंशी फुलं विणायची म्हणजे वर्ष गेलं असतं, अशी महिन्यात व्हायची. हे मला आठवलं आणि हायसं वाटलं, की चला, सगळ्यांनी मिळून केलाय, म्हणजे मीही केलाय. कार्डावर आणखी चार नावं घालायची की झालं.

मग मी माझी फुलं शोधायला लागले.

पण हिशेब जमेना. ऐंशी फुलं आणि पाच बायका, म्हणजे एकीची सोळा. मग डावरीची वीस कशी? चार जास्त तिने का केली? ती तर कामचुकार होती, गप्पा मारायला पहिली. आणि उरलेल्या साठांत माझी कोणती? मी स्टूल घेऊन एकेका फुलाला नाक लावून पाहिलं. आपलं अक्षर ओळखू येतं तसं आपलं विणकामही ओळखू यायला हवं ना? मला एकही फूल ओळख देईना. सगळी छान होती, सगळी परकी.

घरभरणी रविवारवर आली होती. भंतेजी येणार, वंदना होणार, मग पन्नास माणसांचं जेवण. पन्नास माणसं ते कार्ड वाचणार, आणि सून माझ्याकडे बोट दाखवून सांगणार. सुनेला सांगावं तर सांगायचं काय, हेच मला कळेना. मी केला नाही म्हणावं तर थोडा तरी केलाच असेल. केला म्हणावं तर कुठलं फूल, ते दाखवता येईना. गुरुवारी मी डावरीला घरभरणीचं आमंत्रण द्यायचं निमित्त काढलं. बसने कल्याण, तिथून शेअर रिक्षाने मोहने.

ती अजून तिथेच राहते, क्वार्टर सुटल्यावर जवळच घेतलेल्या दोन खोल्यांत. दार उघडंच होतं.

"कोण मेलंय?" आतून आवाज.

"अजून कोणी नाही. मी आलेय."

"अगं बया! टॉवरमधून खाली उतरलीस?" ती हात पुसत बाहेर आली. जाड झालीये, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण जीभ तशीच. "बस. नको, तिथे नको, तिथे पापड वाळतायत. इथे बस. लिफ्ट बंद पडली की काय करता गं तुम्ही? वरच राहता?"

आमंत्रण दिलं, चहा झाला, सगळ्यांच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग मी पडद्याचा विषय काढला. भिंतीवर लावला, कार्ड छापलं, सगळं सांगितलं. फक्त कार्डावर कुणाचं नाव आहे ते गाळलं.

"माझी उलटी फुलं भिंतीवर?" ती खूश झाली. "काय सांगतेस!"

"वीस आहेत तुझी. मी मोजली. सोळा हवीत ना गं?"

"सोळा कशी? वीसच. चौघी विणणार, वीस वीस फुलं."

"चौघी? पाच होतो ना आपण?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मी तापात बरळतेय असं.

"अगं, जिची चिठ्ठी तिने सुईला हात लावायचा नाही. तिने फक्त चहा करायचा. जिची चिठ्ठी, तिचा चहा. विसरलीस? तुझाच तर नियम!"

"माझा?"

"मग काय माझा? तूच म्हणालीस, स्वतःच्या पडद्याला हात लावू दिला तर प्रत्येक जण स्वतःचंच चांगलं विणेल आणि दुसरीचं उरकेल. मग भिशी कसली? डब्यावर चमचा वाजवून सांगितलंस. पुढारी होतीस तू आमची."

मला काही म्हणजे काही आठवेना. म्हणजे भिंतीवर जो पडदा आहे, ज्याच्यावर माझं नाव आडनावासकट आहे, त्यात माझा एकसुद्धा टाका नाही? मी एक महिना चहा केला?

"आणि साखर कमी घालायचीस," ती म्हणाली. "ते मात्र मला आठवतंय."

"मग माझी फुलं कुठे गेली?"

"आमच्या घरी! चौघींच्या पडद्यांत वीस वीस. ही बघ की तुझी." तिने मागच्या खिडकीकडे हात केला.

खिडकीला बाहेरून काहीतरी जाळीसारखं बांधलेलं होतं. करडं, धुळीचं, कडेला पांढरे डाग. जवळ जाऊन पाहिलं तर फुलं होती. पडदा आडवा करून चारी कोपऱ्यांना सुतळीने बांधला होता.

"कबुतरांसाठी," ती म्हणाली. "फार त्रास देतात मेली. नायलॉनची जाळी लावली होती, ती उन्हाने तुटली. हा गेली पाच वर्षं आहे. डावीकडच्या चार उभ्या ओळी तुझ्या. टाके ढिले तुझे, म्हणून लगेच ओळखू येतात. पण निघाले नाहीत हां अजून."

मी त्या फुलांना हात लावला. रंग उडून गेला होता, बोटाला धूळ लागली. पाकळ्या मोजल्या, आठ आठ, बरोबर. ही माझी आहेत असं ती सांगत होती म्हणून मी मान हलवली, पण तिथेही मला ओळख पटेना. मग म्हटलं, "मला देतेस का गं हा? तू माझ्याकडचा घे. चांगला आहे, नव्यासारखा."

"आणि कबुतरांचं काय करू? त्यांना तुझ्याकडे पाठवू, एकोणिसाव्या मजल्यावर?"

परत येताना कल्याणला मी चुकीच्या बसमध्ये चढले. कंडक्टरने भिवंडीचं तिकीट द्यायला घेतलं तेव्हा कळलं.

शनिवारी दुपारी सून हॉलमध्ये झेंडूची फुलं ओवत बसली होती. मी जाऊन समोर बसले आणि सांगून टाकलं. भिशी, चिठ्ठी, चहा, कबुतरं, सगळं. भराभर सांगितलं, त्यामुळे कबुतरं आधी आली आणि भिशी नंतर. तिला दोनदा विचारावं लागलं.

"म्हणजे ह्यातलं एकही फूल तुमचं नाही?"

"नाही."

"आणि ती उलटी, मुद्दाम केलेली?"

"ती डावखुरी आहे गं."

तिची सुई झेंडूतून गेली आणि तशीच राहिली. "मी आईला सांगितलं. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं."

"माहितीये."

"मग तुम्ही का म्हणालात मी केला म्हणून?"

मी बसमध्ये ह्याचं उत्तर तयार केलं होतं. वय झालं, आठवत नाही, असं काहीतरी. ते खरंही होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "तू पहिल्यांदाच काहीतरी विचारलंस मला. नाही म्हणवेना."

ती उठली, भिंतीवरचं कार्ड काढलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. मग पुन्हा फुलं ओवायला लागली. तिला राग आला होता की वाईट वाटलं होतं, मला काही कळेना. पूर्वी भांडी आपटली की समजायचं. आता भांडी मशीन घासतं, ते सगळ्यांशी सारखंच वागतं.

रविवारी वंदना छान झाली, खीर थोडी करपली. पाहुणे घरभर फिरून कार्डं वाचत होते. पडद्यापाशी आले की कार्ड शोधायचे आणि रिकाम्या जागेवर चिकटपट्टीचा डाग बघायचे. सुनेची आई तर सरळ म्हणाली, "ह्याचंच कार्ड कुठे गेलं? विहीणबाई, तुमचा ना हा?" सून भात वाढता वाढता थांबली. माझ्या तोंडात घास होता.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "लिफ्टमध्ये गाणी लावलीयेत तुमच्या! मी दोनदा वर-खाली केलं."

डावरी नवी साडी नेसून आली होती. कुणाला नमस्कार ना काही, ती सरळ भिंतीपाशी गेली आणि डावा हात उगारून मोजायला लागली. "हे माझं. हे माझं. हे माझं. बघा हो, उलटं आहे का नाही? गावात मला उलट्या हाताची म्हणून कुणी हळदीला हात लावू द्यायचं नाही. आणि आता बघा, मी भिंतीवर!"

पाहुणे गोळा झाले. तिने भिशीची सगळी गोष्ट सांगितली, माझ्यापेक्षा नीट. कबुतरं शेवटी आली. सुनेच्या आईने विचारलं, "मग ह्यांनी काय केलं?" आणि डावरी म्हणाली, "हिने? हिने नियम केला आणि पांचट चहा केला."

सगळे हसले. मी सुनेकडे बघितलं नाही. ती आत गेली. मला वाटलं, गेली. पण ती ड्रॉवर उघडून कार्ड घेऊन आली आणि ते पालथं करून डावरीसमोर बसली. "काकू, चौघींची नावं सांगा."

डावरीने स्वतःचं आधी सांगितलं. मग खालच्या मजल्यावरच्या दोघी जावांची. चौथीवर आमचं अडलं. मी म्हणत होते, दवाखान्यात कामाला होती ती, डावरी म्हणत होती, छे, ती तर भिशी सुटल्यावर राहायला आली. सुनेने तिथे जागा सोडली. मग तिने सगळ्यात खाली 'चहा' असं लिहिलं, दोन टिंबं दिली आणि पुढे माझं नाव. आडनाव नाही घातलं. कार्ड होतं तिथे चिकटवलं.

मग डावरीला आठवलं आणि तिने पिशवीतून प्लॅस्टिकची पुडी काढली. आत एक फूल होतं. जाळीच्या कडेचं, कापून काढलेलं, साबणाने धुतलेलं, तरी करडंच.

"एकच आणलंय. पूर्ण मागू नकोस. त्या भोकातून आता जे कबूतर येईल ते तुझ्या नावावर."

मी ते तळहातावर घेतलं. वजनच नव्हतं त्याला.

सून माझ्या हाताकडे बघत होती, मग भिंतीकडे. मग ती एकदम खाली बसली, पडद्याच्या अगदी डाव्या कोपऱ्यापाशी. "आई, इकडे या. काकू, तुम्हीपण. हे फूल मोजा."

मी मोजलं. नऊ पाकळ्या. पुन्हा मोजलं. नऊच.

"बाकी सगळी आठांची आहेत," सून म्हणाली. "काल तुम्ही झोपल्यावर मी बघत होते. हे एकच नऊचं आहे. काकू, नऊ पाकळ्या कोण करायचं?"

"कोणी नाही. आठच ठरल्या होत्या." डावरीने वाकून पाहिलं. "सरळ फिरतंय, म्हणजे माझं नाही."

"मग आईंचं असेल. चहा करता करता गुपचूप एखादं विणलं असेल. आई, विणलं असेल ना?"

ती वर बघत होती. तिला ते हवं होतं, तिच्या तोंडावर दिसत होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं. आणि खरंच, मला असं दिसलं की स्टोव्हवर आधण आहे, बाहेर चौघी हसतायत आणि माझ्या हातात सुई आहे. पण ते आता दिसलं की तेव्हाचं आठवलं, हे मी कुणाला विचारणार?

"माहीत नाही गं," मी म्हटलं.

सुनेने माझ्या हातातलं करडं फूल घेतलं आणि नऊ पाकळ्यांच्या फुलाशेजारी धरलं. "टाके सारखेच आहेत. बघा ना, सैल आहेत."

"कुठे सैल? खादीला टाचलंय म्हणून तसं दिसतंय," डावरी म्हणाली.

"नाही काकू, ही साखळी बघा."

"पोरी, माझ्या डोळ्याचं नुकतं ऑपरेशन झालंय, मला तुझ्यापेक्षा जास्त दिसतं."

मी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. एक चमकणारं, एक उन्हात करपलेलं. कधी एकाच हाताची वाटली, कधी अजिबात नाही. दोघी जमिनीवर बसून वाद घालत होत्या आणि पाहुणे त्यांच्या डोक्यावरून वाकून बघत होते.

मी आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं. साखर जरा जास्तच घातली.